खाटेचं दुसरं टोक

तो हातगाडी ढकलत रस्त्यानं निघाला, की लोक आधी गाडीकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. हिरव्या ताडपत्रीखाली काय आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती कुणाकडे चाललीय, एवढंच काय ते बघायचं उरायचं. गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी न थांबता पुढे गेली, की माणसांच्या जिवात जीव यायचा. एखादी बाई खिडकीतून म्हणायचीही, "गेले बाई एकदाचे पुढे!" आणि हे सगळं कुणाबद्दल? तर ज्यानं उभ्या जन्मात कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही, अशा माणसाबद्दल.

त्याला खाटवाले म्हणत. तोंडावर खाटवाले काका, पाठ फिरली की यमाचा हमाल. ज्याच्याबद्दल डॉक्टरांनी जिन्यात हळू आवाजात काहीतरी सांगितलेलं असायचं, त्या आजाऱ्याच्या घरी मंडळाची खाट पोचवायची आणि 'काम झालं' की परत आणायची, हे त्याचं काम. काम झालं म्हणजे काय झालं, हे कुणी फोड करून विचारत नसे. पाय मोडलेले, गुडघे धरलेले वगैरे मंडळाकडून कुबड्या नाहीतर वॉकर न्यायचे. ते वेगळं खातं होतं आणि तिथं सगळे हसतखेळत यायचे. खाटेच्या वाटेला मात्र कुणी हसत जात नव्हतं.

आता मंडळाची गोष्ट थोडी सांगावीच लागेल, नाहीतर हा माणूस कळायचा नाही. आज मंडळाला स्वतःचा हॉल आहे, पाय घसरेल अशी गुळगुळीत फरशी आहे, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो आहेत. एकेकाचा चेहरा असा, की जगाचं दुःख ह्यांनीच खांद्यावर तोलून धरलंय. मी म्हणतो, धरलं असेल बाबा. पण मंडळ सुरू झालं तेव्हा ह्यातलं कुणीच नव्हतं. एक किराणा दुकानदार, एक गणिताचे सर, एका दवाखान्यातला कंपाउंडर आणि हा खाटवाला, धंद्यानं वेल्डर. चौघं रविवारी सकाळी दारोदार फिरून रद्दी मागायचे. लोक हसायचे. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय होय!" असं म्हणत म्हणत जुन्या पेपरांचे गठ्ठे द्यायचे. रद्दी सरांच्या घरी साठवायची. शेवटी सरांच्या बायकोनं सांगितलं, "ह्या घरात एक तर रद्दी राहील, नाहीतर मी." सरांनी उत्तर द्यायला जरा वेळच लावला म्हणतात. त्यावरून पुढं किती दिवस अबोला होता कुणास ठाऊक. त्या रद्दीतून शाळेतल्या मुलांना चष्मे गेले, सरकारी दवाखान्यात कांबळी गेली, वस्तीत पाण्याची टाकी बसली.

मग मंडळींना वाटलं, जरा मोठी उडी मारू. सोडत काढली. पहिलं बक्षीस सायकल. निघाली कुणाला, तर किराणावाल्याच्या सख्ख्या मेव्हण्याला! गावभर बोंबाबोंब. मंडळानं हात जोडले, सायकल परत घेतली, सगळ्यांदेखत लहान मुलीच्या हातून पुन्हा चिठ्ठी काढली. पुन्हा मेव्हणाच. आता बोला! बिचाऱ्या मेव्हण्यानं ती सायकल पोस्टमनला देऊन टाकली, तरी किराणावाल्याच्या मागचं ते शुक्लकाष्ठ काही सुटलं नाही. त्यानंतर नाटक केलं, ते पडलं. जुन्या वस्तूंचा बाजार भरवला, तो मात्र चालला आणि अजून दरवर्षी चालतो. पण हे सगळं वरचं. मंडळाचं नाव जिच्यामुळं झालं ती खाट, आणि खाट आली ती ह्या वेल्डरच्या घरातून.

त्याची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत अंथरुणाला खिळली. उठून बसता येईना, आडवं पडून खिडकीबाहेरचं दिसेना. ती एकदा म्हणाली, "छत बघून बघून कंटाळा आला हो." हा दुकानात गेला, पाईप कापले, जोडले, मोडले, पुन्हा जोडले आणि अशी खाट केली, की पायथ्याशी दांडा फिरवला की पाठीकडची बाजू वर यावी. पहिल्यांदा दांडा फिरवला तेव्हा ती हळूहळू वर आली, तिला समोरच्या घराचा उंबरा दिसला, रस्ता दिसला, आणि ती हसली. ती गेली तेव्हा खाट खोलीत राहिली. ह्याला त्या खोलीत पाऊल टाकवेना. दुकानात जमिनीवर पोतं टाकून झोपायचा. कंपाउंडरनं हे पाहिलं. म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी आहे. तिला देतोस का खाट?" दिली. म्हातारीनंतर आणखी कुणाला, त्याच्यानंतर आणखी कुणाला. मग रद्दीच्या पैशातून पाईप आले आणि ह्यानं आणखी खाटा जोडल्या. मुलंबाळं नव्हती, दुसरं लग्न केलं नाही. दुकानावरची एक खोली, एक स्टोव्ह, एक रेडिओ.

खाटेचा एक नियम होता. एक टोक मंडळाचं, एक टोक घरच्यांचं. नियम काही फार विचार करून झाला नव्हता. सरांची पाठ धरलेली, किराणावाल्याला डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून बजावलेलं, कंपाउंडर ऐन वेळी ड्युटीवर. राहिला हा एकटा. एकट्यानं खाट जिन्यानं चढत नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी दुसरं टोक धरायचं. पुढं मंडळाला चांगले दिवस आले, हमाल परवडायला लागले, पण तोवर ती पद्धत पडून गेली होती. एका अध्यक्षानं तर त्यावर भाषणच ठोकलं, की सेवा ही दोन टोकांनी उचलायची असते. भाषण चांगलं होतं, टाळ्या पडल्या. सरांची पाठ कुणाला आठवली नाही.

त्या नियमामुळं झालं काय, की खाटेच्या लांबीएवढ्या अंतरावरून त्यानं सगळ्या गावाचे चेहरे पाहिले. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा नवरा. खाट वर नेताना ते बोलायचे. "काका, चौकट सांभाळा." "जरा डावीकडे घ्या." "पाणी घेता का?" खाट लागली, आजारी माणूस वर उठून बसलं, की घरातलं कुणी ना कुणी त्याचा हात हातात घ्यायचं. आणि मग काही दिवसांनी, महिन्यांनी, त्याच जिन्यावर तीच दोन माणसं तीच खाट उतरवायची, तेव्हा कुणी बोलत नसे. खाली गाडीवर ताडपत्री बांधून होईपर्यंत घरचा माणूस उभा राहायचा, मान हलवायचा आणि वर जायचा. दार लागायचं. त्या दारातून त्याला पुन्हा कुणी बोलावत नसे. लग्न निघालं तरी नाही, बारसं निघालं तरी नाही. रस्त्यात समोर आलाच तर माणसं अचानक दुकानाच्या काचेत बघायला लागायची. त्यांच्या मनात वाईट नसायचं. त्याला पाहिलं की त्यांना ते दिवस दिसायचे, एवढंच. त्याला हे समजत होतं. पण समजणं वेगळं आणि सवय होणं वेगळं, आणि त्याला सवय काही झाली नव्हती. संध्याकाळी रेडिओ लावून बसला, की कधी कधी तो बातम्या सांगणाऱ्याला उत्तरं द्यायचा.

असा तो साठी ओलांडून पुढं आला आणि मग सलूनवाल्याचं प्रकरण झालं.

सलूनवाल्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि मालकाची न थांबणारी जीभ. वस्तरा एकदा मान उतरवील पण बोलणं थांबायचं नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. हा पठ्ठ्या एके दिवशी दुकानाचा बोर्ड पुसायला खुर्चीवर चढला. कुठल्या खुर्चीवर? फिरत्या! बायको म्हणाली होती स्टूल आणते, थांबा. थांबेल तो सलूनवाला कसला. खुर्चीनं एक गिरकी घेतली आणि गडी पायरीवर पाठीवर आपटला. कमरेखालची हालचाल गेली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना. डॉक्टर जिन्यात थांबून बायकोशी हळू बोलले, आणि दुसऱ्या दिवशी हिरवी ताडपत्री त्यांच्या दारात आली.

तिसरा मजला, अरुंद जिना. दुसरं टोक बायकोनं धरलं. मध्ये दोनदा टेकवली, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही तिनं. खाट आत आली, तसा आतून आवाज आला, "या या, पांढरे पाय! माप घ्यायला आलात का?"

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, काहीतरी काय बोलता!"

"अगं, सगळं गाव पाठीमागं बोलतं, मी तोंडावर बोललो. ह्यांनाही जरा बदल." आणि त्याच्याकडे वळून, "खरं सांगा खाटवाले, कुणी कधी बोललं होतं असं?"

खाटवाला हसला. असा हसला, की हातातला पाना खाली पडला. इतक्या वर्षांत त्याच्याशी लोक दबक्या आवाजात बोलले होते, नाहीतर बोललेच नव्हते. थट्टा कुणी केली नव्हती. थट्टा आपल्या माणसाची करतात.

खाटेच्या दांड्याला मधून मधून तेल घालावं लागतं, पेच आवळावे लागतात. त्यासाठी तो प्रत्येक घरी चक्कर मारायचा. तेल घातलं, दांडा फिरवून पाहिला, चाललो. सलूनवाल्याकडे मात्र तेल घालून झालं, की चहा यायचा, आणि चहा झाला की सलूनवाल्याची जीभ सुटायची. बायको दुपारी दुकान सांभाळायला जायची, कारागिराच्या भरवशावर गल्ला सोडून चालत नव्हतं. ती पहिल्यांदा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बसता ना थोडा वेळ? मला जिवाला बरं वाटतं." भाऊजी! त्याला कुणी काका म्हणायचं, कुणी अहो म्हणायचं. भाऊजी म्हणणारी बाई ह्या वयात भेटली, आणि तोही तिला वहिनी म्हणायला लागला. तो बसला. मग दुसऱ्या दिवशी, दांडा बिलकूल कुरकुरत नसताना, पुन्हा तेलाची बाटली घेऊन आला.

"काय रे, ही खाट आहे का भज्यांची कढई? किती तेल घालशील?" सलूनवाला म्हणाला. तेव्हापासून दोघं अरेतुरेवर आले.

एकदा सलूनवाला त्याच्याकडे बघत म्हणाला, "मान वळव. मागं काय जंगल वाढवलंयस! बस इथं." ह्यानं दांडा फिरवून त्याला वर बसवलं, पाठीशी उशा लावल्या आणि स्वतः खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसला. सलूनवाल्यानं कपाटातली कात्री मागून घेतली. पायात जीव नव्हता, पण हातांना काय झालं होतं? कात्री कानामागून कचकचत फिरायला लागली. मध्येच तो डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ करायचा, "हलू नको, कान जाईल." स्वतःची बायको गेल्यानंतर कुणी खाटवाल्याच्या डोक्याला असा हात लावला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते केसांच्या कचऱ्याबरोबर पुसून टाकलं.

मंडळात विचारणा होई, अमक्याकडची खाट कधी मोकळी होणार, पुढचे लोक थांबलेत. ह्या खाटेबद्दल कुणी विचारलं, तर तो अंगावर जायचा. "मोकळी होणार नाही ती! दुसरी जोडून देतो." आणि खरंच स्वतःच्या खर्चानं पाईप आणून त्यानं आणखी एक खाट जोडली. त्याला ह्या जगात एकच गोष्ट हवी होती. ते दार लागू नये. बाकी सगळी लागली, हे एक उघडं राहू दे.

मध्ये एक आठवडा असा आला, की ताप डोक्यात गेला, सलूनवाला माणसं ओळखेना. हा तिथंच बसून राहिला. घरी गेला नाही, दुकान उघडलं नाही. वहिनी थकून भिंतीला टेकून झोपली, की हा कपाळावरची पट्टी बदलायचा आणि म्हणायचा, "अरे, शिवी दे. एक शिवी तरी दे." आठवडा सरला, ताप उतरला. सलूनवाल्यानं डोळे उघडले, ह्याला पाहिलं आणि म्हणाला, "अजून इथंच? रिकामी झाली नाही म्हणून खट्टू झालास वाटतं." खाटवाला बाहेर गॅलरीत जाऊन हुंदके देऊन रडला.

त्यानंतर जखमा भरल्या. अंगठा हलला. मग पाऊल. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, फार क्वचित. खाटवाल्यानं दुकानात जाऊन भिंतीला लावायचे दोन गज तयार केले, त्यांना धरून सलूनवाला उभा राहिला, पडला, शिव्या देत पुन्हा उभा राहिला. आणि एके सकाळी काठी टेकत टेकत दारापर्यंत गेला.

खाट परत न्यायचा दिवस ठरला. वहिनी दुसरं टोक धरायला पुढं झाली, तर सलूनवाल्यानं तिला बाजूला केलं. "एक टोक घरच्यांचं ना? मग मी कोण, पाहुणा?" सगळे नको नको म्हणत होते. ऐकलं नाही. काठी बायकोकडे दिली, टोक उचललं. वजन सगळं खाटवाल्यानंच घेतलं म्हणा, वहिनीनंही खालून खांदा दिला, पण हात सलूनवाल्याचाच होता. मजल्यामजल्यावर शेजारी दारं उघडून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्या जिन्यावर, खाट उतरत असताना, दोन्ही टोकांची माणसं हसत होती. असं कधी झालं नव्हतं. खाली मंडळाचा फोटोवाला उभा होता. त्यानं दोघांचा फोटो काढला.

तो फोटो मंडळाला सोन्याचा ठरला. लोक पेपर फोनवर वाचायला लागले होते, रद्दी कुठून येणार? देणगीदार थकले होते. मंडळानं फोटो छापून घरोघर वाटला, भिंतींवर लावला, खाली लिहिलं, 'खाटेवरून उठला, खाट उचलून निघाला.' मदतीचा ओघ लागला. खाटवाल्यानं स्वतः खळीचा डबा आणि ब्रश घेऊन मोठ्या रस्त्यावर फोटो चिकटवले. सलूनच्या शेजारच्या भिंतीवर तर ओळीनं लावले. त्याला वाटलं, मित्राचा मान झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कुणाबरोबर फोटो भिंतीवर होता. मित्राला एका शब्दानं विचारावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला सलूनवाल्याला स्टेजवर बसवलं. त्यानं भाषण केलं, नेहमीसारखं हसवलं. डॉक्टरांचे आभार मानले, बायकोचे, मंडळाचे. शेवटी म्हणाला, "तुमच्या खाटेचे उपकार मी विसरणार नाही. पण एवढंच मागतो, की तिचं तोंड मला पुन्हा बघायला लागू नये." हॉल टाळ्यांनी दुमदुमला. मागच्या रांगेत खाटवाल्यानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. खरंच होतं ते. त्यालाही तेच हवं होतं.

त्यानंतर खाटवाला त्याच्या घरी गेला, तर वहिनी दारातच उभी राहिली. "भाऊजी, ते आत्ताच झोपलेत हो." आतून रेडिओ ऐकू येत होता आणि त्याबरोबर गुणगुणणंही. खाटवाला म्हणाला, "झोपू दे, झोपू दे. विश्रांती हवीच." जिना उतरताना त्यानं स्वतःला समजावलं, झोपेत माणसं गुणगुणतात. पुढच्या वेळी ते बाहेर गेले होते. काठी दाराशी होती.

मग तो सलूनमध्ये गेला. गिऱ्हाईक म्हणून गेला, त्यात काय? बाकावर बसला. शेजारचे दोघं जरा सरकून बसले, त्यातला एक आत्ता आलो म्हणून उठला तो परत आलाच नाही. सलूनवाला समोरच्या डोक्यावर कात्री चालवत होता आणि तोंडानं अवाक्षर बोलत नव्हता. तो गप्प बसलेला गावानं कधी पाहिला नव्हता. खाटवाल्याची पाळी आली. सलूनवाल्यानं आरशातून कारागिराला खूण केली. "काकांचे तू घे." कारागिरानं केस चांगले कापले, चुकलं काही नाही. खाटवाला पैसे द्यायला लागला, तर सलूनवाला आरशाकडे बघतच म्हणाला, "राहू दे." ह्यानं पैसे ठेवले आणि बाहेर आला.

किराणावाल्याच्या दुकानात हा विषय पोचलाच होता. म्हातारा झाला होता किराणावाला, पण जीभ तरुण. "गरज सरो, वैद्य मरो," तो म्हणाला. "मी सांगतो तुला, मतलबी निघाला."

"त्याला काही बोलायचं नाही!" खाटवाला ओरडला. साखर तोलणारा नोकर दचकला. "एक शब्द बोलायचा नाही त्याच्याबद्दल. तो अंथरुणात पडून माझे केस कापायचा. तू कापले होतेस?" किराणावाल्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले.

पण त्याला राहवेना. दुपारी जेवणापुरतं सलून बंद असतं तेव्हा तो गेला. सलूनवाला एकटाच खुर्चीत बसून डबा खात होता. ह्याला बघून त्यानं घास खाली ठेवला.

"फोटोमुळं का?" खाटवाल्यानं सरळ विचारलं. "मी चिकटवले, माझं चुकलं. आत्ता खरवडतो. गिऱ्हाइकं बिचकतात म्हणून का? मी मागच्या दारानं येईन. दुकानात येणारच नाही, घरी येईन. घरी नको तर कुठं म्हणशील तिथं."

"ते नाही रे."

"मग काय केलं मी?"

सलूनवाल्यानं डबा बाजूला सरकवला. "तू काही केलं नाहीस. तू नसतास तर मी नसतो, हे मला माहीत नाही का? पण तू दारात आलास, की माझी कंबर थंड पडते. खरंच पडते. पाय आहेत का, हात लावून बघतो मी. रात्री स्वप्नात तू तेलाची बाटली घेऊन येताना दिसतोस आणि मी ओरडत उठतो. तुझ्या वहिनीला विचार."

"अरे, पण तू बरा झालास ना!"

"म्हणूनच तर," सलूनवाला म्हणाला. "तेव्हा मला कशाचीच भीती नव्हती. मेल्या माणसाला कसली भीती? म्हणून तोंड चालायचं. आता आहे. आता सगळ्याची भीती वाटते." त्याचे डोळे भरून आले. "मी हलकट आहे. मला शिव्या दे. पण येऊ नकोस."

खाटवाल्याला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. बायको गेल्यावर ज्या खोलीत खाट होती तिथं त्यालाही पाऊल टाकवलं नव्हतं, त्यानंही ती दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती. लोखंडाच्या खाटेच्या बाबतीत हे करता येतं, तिला वाईट वाटत नाही. त्यानं मित्राच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि मध्येच मागं घेतला.

"जेव तू," तो म्हणाला. "गार होतंय." आणि बाहेर येऊन त्यानं भिंतीवरचे फोटो नखांनी, मग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढले. खळ चांगली लागली होती. बराच वेळ लागला. घरी जाऊन स्टोव्ह पेटवला नाही. रेडिओही लावला नाही.

खाटा जात राहिल्या, येत राहिल्या. नव्या अध्यक्षांनी छोटा टेंपो घेतला, तरी दुसरं टोक घरच्यांचंच राहिलं.

एका सकाळी तो बाजारातून पेचांचा डबा घेऊन पायी येत होता. समोरून, त्याच बाजूनं, सलूनवाला काठी टेकत येत होता. चेहऱ्यावर चांगला तजेला आला होता, अंग भरलं होतं. खाटवाल्याच्या मनात आलं, चाल सुधारली लेकाची. तेवढ्यात सलूनवाल्यानं त्याला पाहिलं. त्यानं पलीकडच्या बाजूला नजर टाकली आणि काठी रस्त्यावर उतरवली. सकाळची वेळ, गाड्या सुसाट. एक पाय खाली, एक वर, आणि तो घाईनं पलीकडे जायला बघत होता. गेला असता गाडीखाली!

खाटवाला मागंपुढं न बघता शेजारच्या दुकानात घुसला. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं ते. काचेआडून त्यानं पाहिलं. सलूनवाला थबकला, रस्ता मोकळा दिसला, काठी वर घेतली, आणि पदपथावरून सावकाश, दुकानासमोरून पुढं गेला. इकडं पाहिलं नाही. नीट पावलं टाकत गेला. तो वळणाआड होईपर्यंत खाटवाला काचेशी उभा राहिला.

काउंटरमागची मुलगी गावात नवी असावी. तिनं त्याला ओळखलं नाही. हसून पुढं आली, इवलीशी झबली, टोपरी काउंटरवर मांडायला लागली. "या ना आजोबा! कोणासाठी दाखवू?"

त्यानं एक टोपरं उचलून हातात घेतलं. मुलीनं पुन्हा विचारलं, "नातवासाठी, की नातीसाठी?"

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "मला कोणी नाही."